पंप वाजला का?

चिपळूणच्या बहादूरशेख नाक्याजवळ, कराडकडून कुंभार्ली घाट उतरून येणारा रस्ता जिथं महामार्गाला लागतो तिथून हाकेच्या अंतरावर, पत्र्याच्या शेडमध्ये एक गॅरेज आहे. भर दुपारी कॉलेजातला एक मुलगा घामाघूम होऊन गाडी ढकलत आला. सेल्फ मारला की इंजिन फिरतंय, पण पकडत नाही. मेस्त्रींनी पाना उचलला नाही. आधी शेडमधला रेडिओ बंद करायला लावला.

"चावी फिरव. सेल्फ मारू नको, नुसती चावी."

मीटर उजळला, काटा एकदा वर जाऊन खाली आला, पिवळा चेक लाइट लागला. मेस्त्री टाकीजवळ कान नेऊन उभे. तिथून दोन-तीन सेकंद बारीक घरघर यायला हवी होती, ती आली नाही. मग त्यांनी किल स्विच बघितला, बाजूचं पॅनेल काढून फ्यूज बघितला, टेस्ट लॅम्प लावून फ्यूजच्या दोन्ही बाजूंना सप्लाय आहे याची खात्री केली आणि विचारलं, "गाडी कधी धुतलीस?"

"काल. सर्व्हिसिंग सेंटरला."

"प्रेशरने?"

मुलाने मान हलवली. मेस्त्रींनी सीटखालचा एक कपलर दाबून सोडवला आणि पालथा करून झटकला. थेंबभर पाणी पडलं. फुंकर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, पुन्हा फुंकर, आणि कपलर 'टक्' आवाज येईपर्यंत आत. चावी फिरवल्यावर टाकीतून घरघर आली आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. मुलगा तोवर मोबाइलवर कुठल्या तरी सेन्सरची किंमत बघत होता.

या अंकासाठी 'हातांची कामं' हा विषय ठरला, तेव्हा संपादकांच्या डोक्यात बहुधा कुंभार, तांबट, चांभार असे जुने हात होते. मी मोटरसायकलचं गॅरेज मागून घेतलं. इतक्या थोड्या वर्षांत आपलं सगळं काम पुन्हा शिकावं लागलेला दुसरा कारागीर मला तरी माहीत नाही.

पेट्रोल आता करंटवर चालतं

१ एप्रिल २०२० म्हटलं की बहुतेकांना टाळेबंदी आठवते. गॅरेजवाल्यांना त्या तारखेची आणखी एक आठवण आहे. त्या दिवसापासून देशात धुराचं बीएस सिक्स मानक लागू झालं. बीएस फोरवरून मधली पायरी गाळून थेट सहावर. धुराची ती अट साध्या कार्बोरेटरने पाळणं जवळपास अशक्य होतं. एखाददुसरी स्वस्त गाडी इलेक्ट्रॉनिक कार्बोरेटरवर टिकली, बाकी शंभर-सव्वाशे सीसीच्या रोजच्या गाड्यांपासून स्कूटरपर्यंत सगळं एफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनचं, झालं.

एफआय आपल्याकडे त्याआधीही होतं, पण हौसेपुरतं. हिरो होंडाने २००६ मध्ये ग्लॅमरची एफआय गाडी काढली. बजाजने २००७ मध्ये पल्सर २२० फ्युएल इंजेक्शनसह आणली आणि दोनच वर्षांत, २००९ मध्ये, तीच गाडी कार्बोरेटर लावून पुन्हा बाजारात उतरवली. जुने मेकॅनिक हा किस्सा अजूनही चवीने सांगतात. "कंपनीसुद्धा परत आली होती," असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते बघण्यासारखं असतं. २०२० नंतर मात्र परत यायला वाट उरली नाही.

कार्बोरेटरचं काम ओढीवर चालायचं. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीने जेटमधून पेट्रोल वर येतं, किती यायचं ते सुई, फ्लोट आणि एअर स्क्रू ठरवतात. मेकॅनिक स्क्रू अर्धा आटा फिरवायचा, कान द्यायचा, पाव आटा मागे घ्यायचा. ते काम हाताला आणि कानाला कळायचं.

एफआयमध्ये टाकीच्या आतच पंप असतो. तो पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो. बहुतेक गाड्यांत हा दाब तीन बारच्या आसपास असतो, म्हणजे आपण टायरमध्ये भरतो त्या हवेच्या जवळपास दीडपट. पुढे इंजेक्टर नावाची विजेवर उघडणारी बारीक तोटी. ती कधी आणि किती वेळ उघडायची हे ईसीयू, म्हणजे गाडीचा छोटा संगणक, ठरवतो, आणि हा वेळ मिलिसेकंदांत मोजायचा असतो. स्लोवर गाडी उभी असताना दोन-तीन मिलिसेकंद, बस्स. त्यासाठी ईसीयूला सतत खबर लागते. थ्रॉटल किती उघडलाय, हवा किती दाबाने आणि किती गरम येतेय, इंजिन किती तापलंय, क्रँक फिरत फिरत नेमका कुठं आलाय. सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला ऑक्सिजन सेन्सर जळून आलेला धूर चाखून सांगतो, की पेट्रोल जास्त झालं किंवा कमी पडलं. त्याचा निरोप एक व्होल्टच्या आतला असतो. ०.१ च्या आसपास असेल तर हवा जास्त, ०.९ कडे गेला तर पेट्रोल जास्त. धडधाकट सेन्सरचा आकडा या दोन्हींच्या मध्ये सारखा खालीवर होत राहतो. एकाच आकड्यावर चिकटून बसला, तर काहीतरी बिनसलेलं आहे.

पूर्वी गाडी बंद पडली की मेकॅनिक दोन रकाने करायचा: पेट्रोल येत नाही, की करंट येत नाही? आता हे दोन रकाने उरलेच नाहीत. पंपाला वीज लागते, इंजेक्टरला वीज लागते, सेन्सरला वीज लागते. पेट्रोलच करंटवर चालतं. त्यामुळे ज्याला गिऱ्हाईक 'एफआयचा प्रॉब्लेम' म्हणतं, तो बघता बघता बॅटरीचा, अर्थिंगचा, फ्यूजचा किंवा ओल्या कपलरचा निघतो. गॅरेजांत बसून जे बघितलं त्यातून माझं मत असं झालं, की खुद्द इंजेक्टर किंवा ईसीयू बिघडण्याची भीती प्रत्यक्षापेक्षा फार मोठी आहे. खरा घोळ तारांमध्ये असतो.

दिवा काय सांगतो, काय सांगत नाही

चेक लाइट नुसता पेटत नाही, काही गाड्यांत तो मिचकावून आकडा सांगतो. होंडाच्या गाड्यांत लांब मिचकावणं म्हणजे दहा आणि छोटं म्हणजे एक. एक लांब आणि दोन छोटे म्हणजे बारा, इंजेक्टर. सात आले तर इंजिनाचं तापमान, आठ आले तर थ्रॉटल सेन्सर, नऊ म्हणजे आत येणाऱ्या हवेचं तापमान, एकवीस म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. नवीन पोरं हे आकडे पाठ करतात. मला भेटलेल्या एका पोराने तर गॅरेजच्या भिंतीवर खडूनेच लिहून ठेवले होते, बाजूला कुणाचा तरी उधारीचा हिशेब.

गोम पुढे आहे. सात आकडा आला म्हणजे तापमानाचा सेन्सर गेला असं नाही. त्या सेन्सरच्या तारेवर ईसीयूला जेवढं व्होल्टेज दिसायला हवं तेवढं दिसत नाही, इतकंच त्याचं म्हणणं असतं. सेन्सर बिघडलाही असेल, पण तार तुटली तरी हाच आकडा येणार, कपलरमधली पिन मागे सरकली तरी हाच, आणि उंदराने कुरतडलं तरी हाच. पावसाळ्यात चार दिवस न हललेल्या गाडीत उंदीर हमखास शिरतो.

पुण्यात नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांच्या गर्दीतल्या एका बोळात, मी एक गाडी तपासताना जवळून बघितली. तक्रार अशी, की खड्ड्यात आदळली की बंद पडते आणि कधी कधी एकदम तीन-चार कोड येतात. गाडी आधी दुसरीकडे दाखवून झाली होती आणि तिथं दोन सेन्सर नवे बसले होते. दोष तसाच. इथला मेकॅनिक चाळिशीचा, बोलायला कमी. त्याने आधी कुठलाच सेन्सर उघडला नाही. वहीत गाडीच्या वायरिंगचा नकाशा काढलेला होता, त्यावर बोट ठेवून मला म्हणाला, "हे तिन्ही सेन्सर एकाच पाच व्होल्टवर आहेत."

ईसीयू सेन्सरांना बॅटरीचे बारा व्होल्ट देत नाही. नेमके पाच व्होल्ट बनवून देतो आणि बरेचसे सेन्सर त्या एकाच सामायिक तारेवर असतात. ती तार कुठं बॉडीला घासून शॉर्ट झाली, की सगळेच एकदम खोटं बोलायला लागतात. एकदम तीन कोड आले तर तीन पार्ट गेले असं समजणारा मेकॅनिक गिऱ्हाईकाला खड्ड्यात घालतो.

त्याने मीटरची एक पिन पाच व्होल्टच्या तारेवर रोवली, दुसरी बॅटरीच्या मायनसवर. आकडा ४.९८. मग हँडल डावीकडे पूर्ण वळवलं. ४.९८. उजवीकडे पूर्ण. आकडा थरथरला, ३.१ वर आला, ०.६ वर आला. हँडलच्या मागे, जिथं सगळी वायरिंग एका जाड गुंडाळीतून वळून पुढे जाते, तिथली टेप त्याने ब्लेडने चिरली. हँडलला अ‍ॅल्युमिनियमचा मोबाइल होल्डर बसवताना कुणीतरी क्लॅम्प इतका आवळला होता, की एका तारेचं आवरण फाटून तांबं दिसत होतं. डोळ्यांना सहज न दिसणारा, नखाएवढाही नसलेला भाग.

तार तोडून तिथं 'जॉइंट मारून' टेप गुंडाळणं हा आपल्याकडचा सर्वमान्य उपाय. त्याने तसं केलं नाही. सोल्डर केलं, त्यावर आकसणारी रबरी नळी सरकवून लायटरने तापवली, आणि मग गुंडाळी जुन्या जागेपासून दोन बोटं दूर बांधली. हा शेवटचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटला. जिथं घासलं तिथं ती पुन्हा घासणारच.

सगळ्यात छळणारा बिघाड तो, ज्याचा कोडच येत नाही. क्रँकचा पिकअप, म्हणजे क्रँक कुठं आलाय ते सांगणारा सेन्सर, गरम झाल्यावर मरतो आणि थंड झाल्यावर जिवंत होतो. गाडी वीस किलोमीटर सुरळीत जाते, बंद पडते, चहा होईपर्यंत थांबलात की चालू. ईसीयूला क्रँकचा निरोपच आला नाही, तर त्याच्या लेखी इंजिन फिरतच नसतं, मग तक्रार कशाची नोंदवणार? गंमत म्हणजे टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं तरी वरवरची लक्षणं तीच दिसतात. झाकण उघडल्यावर 'फुस्स' झालं आणि गाडी चालली, तर दोष झाकणाचा. पिकअप महाग, झाकण फुकट. आधी काय उघडायचं ते उघड आहे, तरी लोक पिकअप बदलून मोकळे होतात.

बारा व्होल्टचं राजकारण

बॅटरीबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं, आणि घोटाळा तिथंच सुरू होतो. 'हॉर्न वाजतो म्हणजे बॅटरी ठीक' हे वाक्य प्रत्येक गॅरेजात ऐकू येतं. हॉर्न अकरा व्होल्टवरही वाजतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. सेल्फ मारताना ती खाली जाते, जाणारच, पण साडेनऊच्या खाली घसरली तर इंजिन फिरत असूनही ईसीयू मध्येच बेशुद्ध पडतो आणि पुन्हा शुद्धीवर येतो. गाडी कुरकुरते, पकडत नाही, आणि गिऱ्हाईक म्हणतं, एफआय खराब. इंजिन चालू करून अ‍ॅक्सिलरेटर दिला की बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवेत. तेरालाही पोचत नसेल तर कॉइल किंवा रेग्युलेटर बघा. पंधराच्या वर गेलं तर ताबडतोब थांबा, रेग्युलेटर गेलाय आणि तो सोबत आणखी काय काय नेईल सांगता येत नाही.

कार्बोरेटरच्या काळातली एक सवय इथं घात करते. बॅटरी मेली की ती काढून, दोन तारा टेपने गुंडाळून, किक मारून गाडी महिनोन्‌महिने चालवणारे लोक आपल्या सगळ्यांच्या ओळखीत होते. एफआयच्या गाडीत बॅटरी वीज साठवतेच, पण व्होल्टेजचे चढउतारही पोटात घेते. ती काढली तर ते चढउतार थेट ईसीयूवर. शिवाय कित्येक नव्या गाड्यांना किकच नाही. आणि बॅटरी पार मेलेली असेल तर उतारावर धक्का मारूनही फारसं काही होत नाही, कारण पंप फिरल्याशिवाय पेट्रोल पुढे जात नाही. कुंभार्ली घाटात ही माहिती लोकांना फार उशिरा होते.

अर्थिंगची गोष्ट याहून साधी आणि याहून दुर्लक्षित. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारायचा. आकडा ०.२ व्होल्टच्या पुढे गेला तर मायनसची तार कुठं तरी गंजलीय किंवा बोल्ट ढिला आहे. बॅटरीच्या टर्मिनलचा दहाच्या पान्याचा स्क्रू अर्धा आटा ढिला असल्याने वर्कशॉपच्या वाऱ्या करणाऱ्या गाड्या मी बघितल्या. मग येतात हौशी जोडण्या. फॉग लॅम्प, मोठा हॉर्न, मोबाइल चार्जर, चोरी पकडणारा जीपीएस. यांतल्या कशालाच विरोध नाही, पण वेगळा फ्यूज आणि रिले घालून थेट बॅटरीवरून सप्लाय घ्यायला हवा. लोक जवळ दिसेल ती तार सोलतात, आणि जवळ दिसलेली तार नेमकी पंपाची असते.

पाणी ओसरल्यावर

चिपळूणला मी मुद्दाम गेलो, त्याचं कारण २२ जुलै २०२१. त्या दिवशी वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत आणि घराघरांत शिरलं. दारात उभ्या असलेल्या गाड्या सीटच्याही वर बुडाल्या. या गावाने २००५ चा पूरही बघितलेला. त्यामुळे इथल्या जुन्या मेस्त्रींकडे तुलना आहे. २००५ मध्ये बुडालेली गाडी म्हणजे प्लग काढा, ऑइल बदला, कार्बोरेटर उघडून धुवा, मॅग्नेटचं कव्हर काढून उन्हात ठेवा. चिखल गेला की गाडी चालू. २०२१ मध्ये बुडालेल्यांत बीएस सिक्सच्या वर्षभराच्या गाड्याही होत्या, हप्ते सुरू असलेल्या.

"पहिल्या दोन दिवसांत निम्मं नुकसान लोकांनी स्वतः केलं," एक मेस्त्री म्हणाले. पाणी ओसरल्यावर गाडी चालू होते का बघायला माणूस चावी फिरवतोच. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि ओल्या कपलरांत वीज सोडली की पिना झपाट्याने गंजतात. आधी बॅटरीची मायनस काढायची, मग बाकीचं. प्लग काढून इंजिन हाताने फिरवायचं, दुधाळ चहाच्या रंगाचं झालेलं ऑइल काढून टाकायचं, नवं घालून थोडं चालवून पुन्हा बदलायचं. टाकी पूर्ण रिकामी करायची, कारण पंप टाकीच्या तळाशी आहे आणि पाणीही तळाशीच जातं. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे हा त्रास वाढला. इथेनॉल पाणी शोषून घेतं आणि एका मर्यादेपलीकडे पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन खाली बसतात. पंप मग तेच ओढतो.

ईसीयू बऱ्याचदा वाचले. आतला सर्किट बोर्ड राळेत ओतून बंद केलेला असतो, पाण्याला शिरायला जागा नसते. दगा कपलरांनी दिला, आणि तोही लगेच नाही. गणपतीत गाड्या ठीक चालत होत्या, दिवाळीनंतर एकेक परत यायला लागली. कपलर उघडला की पिनांवर हिरवट पूड. नदीचं गढूळ पाणी तारेच्या आवरणाखालून केशिकांतून चढावं तसं वर चढतं, त्यामुळे पिन साफ करून भागत नाही, इंचभर तार कापून नवी पिन दाबावी लागते. एका गाडीत असे वीस-पंचवीस कपलर. ज्यांनी पुरानंतर लगेच सगळे कपलर उघडून, वाळवून, ग्रीस भरून बंद केले, त्यांच्या गाड्या टिकल्या. ते काम कंटाळवाणं आहे, दिवस जातो, आणि बिलात दाखवायला हाती काहीच लागत नाही.

परत न होणारा माल

नाना पेठेतल्या बहुतेक दुकानांत काउंटरवर एक पाटी असतेच: इलेक्ट्रिकल पार्ट बदलून अथवा परत मिळणार नाही. या एका पाटीने मेकॅनिकची सगळी रीत ठरवली आहे. शंका आली म्हणून रिले आणून लावून बघितला, तर तो विकत घेतलाच. म्हणून अनुभवी मेकॅनिक चालू गाड्यांतून निघालेले रिले, सेन्सर, पंप 'टेस्टिंगचा माल' म्हणून एका डब्यात जपतो. संशयाच्या जागी डब्यातला लावायचा, फरक पडला तरच नवा आणायचा. ईसीयूच्या बाबतीत तेही सरळ नसतं, इमोबिलायझर असला तर दुसऱ्या गाडीचा ईसीयू चावी ओळखत नाही.

स्कॅनर आता पूर्वीइतका दुर्मीळ नाही. छोटा चौकोनी डबा, तारेला सहा पिनांचा कपलर, मोबाइलवर ॲप. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. स्कॅनर सांगतो 'या सर्किटमध्ये व्होल्टेज कमी', पण ते सर्किट गाडीत कुठून कुठं जातं, कुठल्या रंगाच्या तारेने जातं, हे सांगणारा नकाशा कंपनीच्या डीलरकडे असतो. बाहेरच्या मेकॅनिकला तो व्हॉट्सॲपवर, अर्धवट, शेजारच्या मॉडेलचा, कुणीतरी फोटो काढलेला मिळतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात एक पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनांचाही समावेश आहे. मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्यापैकी एकालाही त्याचा पत्ता नव्हता. त्या चाळिशीतल्या मेकॅनिकने आपले नकाशे स्वतः काढलेत, मीटरने एकेक तार मागे शोधत. शंभर पानी वही, रंगीत पेनं. ती वही तो कुणाला फोटो काढू देत नाही, मलाही दिला नाही.

बिलाचा प्रश्न मात्र त्यालाही सुटलेला नाही. त्या खड्ड्यात बंद पडणाऱ्या गाडीचे त्याने सहाशे रुपये सांगितले. मालक चांगला पन्नाशीचा, सभ्य माणूस. आधीच्या ठिकाणी दोन सेन्सरांचे काही हजार त्याने न बोलता दिले होते.

"एक तार जोडायचे सहाशे?"

"तार शोधायचे पाचशे, जोडायचे शंभर."

मालकाला ते पटेना. तपासणीची फी आधी सांगितली तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, नंतर सांगितली तर असं होतं, असं मेकॅनिक मला आधीच म्हणाला होता. तो काही बोलला नाही. खोक्यातून नवा प्लग काढला, जुना चांगला प्लग उघडून डब्यात टाकला, नवा बसवला आणि सव्वासातशे सांगितले.

"प्लगपण बदललात होय," मालक म्हणाला, "मग ठीक आहे." आणि पाकीट काढलं.